‘कोई तकलीफ?’

फौजेतल्या नोकरीवर लिहा म्हटलं की लोकांना लढाई हवी असते. माझ्याजवळ ती नाही. एक्याऐंशी साली मी कुंभार पिंपळगावहून भरतीला गेलो. उंची भरली, छाती भरली, आणि दहावीला विज्ञानात बरे मार्क होते म्हणून मला मेडिकलला टाकलं. पुढची सगळी नोकरी मी सुई, पट्टी आणि थर्मामीटर यांच्या संगतीत काढली. बंदूकही दिली होती, पण ती साफ करण्यापलीकडे तिचा माझा फारसा संबंध आला नाही. गावी सुट्टीवर आलो की पारावर हमखास प्रश्न यायचा, “किती मारले?” मी म्हणायचो, “मारले न्हाई, दोन-चार वाचवले असतील.” ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा आणि तो विषय बदलायचा.

माझ्या हुद्द्याचं नाव नर्सिंग असिस्टंट. हे नेमकं काय असतं ते घरच्यांनाही शेवटपर्यंत समजलं नाही. आई सांगायची, “डाक्टरच्या हाताखाली हाय.” मेहुणे सांगायचे, “कंपाउंडर आहेत.” दोघांचंही अर्धं बरोबर. पलटणीला डॉक्टर एकच असतो आणि तुकड्या डोंगरात चार दिशांना विखुरलेल्या असतात. प्रत्येक ठिकाणी डॉक्टर कुठून आणणार? म्हणून तिथे आम्ही. टाके घालायचे, सलाईन लावायचं, ताप कशाचा असेल याचा अंदाज बांधायचा. आणि सर्वांत जोखमीचं काम म्हणजे कोणाला खाली इस्पितळात पाठवायचं आणि कोणाला गोळी देऊन परत ड्युटीवर, हे ठरवायचं. वायरलेसवर डॉक्टरसाहेब मिळाले तर त्यांना विचारायचं. नाही मिळाले तर आपल्याला जेवढं येतं त्यावर निभवायचं.

अडचण औषधांची नसायची, रोग्यांची असायची. सैनिक दुखणं सांगत नाही. आजारी पडणारा कामचोर, ही समजूत एक. आणि दुसरी त्याहून जुनी सवय. मोठे साहेब भेटीला येतात, जवान रांगेत उभे असतात, भाषण होतं आणि शेवटी साहेब विचारतात, “कोई तकलीफ?” सगळी रांग बेंबीच्या देठापासून ओरडते, “नहीं साहब!” साहेब खूश होतात, रांगही खूश होते, कारण त्यानंतर चहा-पकोडे असतात. ज्याला खरोखर तकलीफ असते तोही त्या ओरडण्यात असतो. मी स्वतः फणफणत्या तापात ओरडलो आहे, आणि तेही बऱ्यापैकी मोठ्याने.

आमचे उस्ताद गढवाली होते. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, “तकलीफ मत पूछ. काम पूछ.” याचा अर्थ मला बर्फातल्या एका चौकीवर समजला. एक जवान रोज माझ्यासमोर चहा प्यायचा. “ठीक हो?” म्हटलं की “एकदम ठीक.” एके दिवशी त्याच्या बुटांच्या नाड्या लोंबताना दिसल्या. म्हटलं, “जरा बाँध लो.” तो खाली वाकला, नाड्या हातात घेतल्या आणि नुसताच बसून राहिला. त्याची बोटं वळत नव्हती. थंडीने ती काळी पडायला लागली होती आणि हा गडी हातमोजे न काढता आठवडाभर “एकदम ठीक” म्हणत होता. त्याला खाली पाठवला. दोन बोटांची टोकं गेली, बाकी हात वाचला. तेव्हापासून मी कोणालाही दुखतं का म्हणून विचारलं नाही. काय करता येत नाही तेवढं बघत आलो.

सतरा वर्षांनी हवालदार होऊन घरी आलो. वाटलं होतं, एवढा हात बसलेला माणूस, जालन्यात दवाखाने उड्या टाकतील. एका मोठ्या खासगी दवाखान्यात मुलाखतीला गेलो. डॉक्टरांनी माझं प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिलं. म्हणाले, “हे फौजेचं आहे. इकडे चालत नाही. वॉर्डबॉय म्हणून घेतो. टाके येतात ना घालता?”

“येतात.”

“मग उत्तमच.”

म्हणजे टाके माझे चालणार होते, प्रमाणपत्र चालणार नव्हतं. काही वर्षं मी तिथे वॉर्डबॉयच्या पगारात टाके घातले. घरी पेन्शन येत होती म्हणून पोटाचा प्रश्न नव्हता, पण मानाचा होता. माझ्याएवढीच शिकलेली, माझ्याहून निम्मा हात चालणारी पोरं मला “मामा, जरा फरशी बघा” म्हणायची. मी फरशीही बघितली.

पुढे माजी सैनिकांसाठी सरकारी दवाखाने निघाले. जालन्यातही भाड्याच्या इमारतीत एक सुरू झाला. तिथे मात्र फौजेचं प्रमाणपत्र चालत होतं, उलट माजी सैनिकाला पहिली पसंती होती. नोकरी कंत्राटी, दरवर्षी करार संपला की नव्याने मुलाखत. मला नर्सिंग असिस्टंट म्हणून घेतलं आणि पगारही त्या पदाचा दिला. पहिल्या दिवशी दारावर हुद्द्यासकट माझं नाव लागलं होतं, ते मी जाता-येता वाचत होतो.

रोगी सगळे आमचेच. म्हणजे पुन्हा तेच, “एकदम ठीक.” एमआयडीसीतल्या एका लोखंडाच्या कारखान्यात वॉचमन असलेले नाईक वाघ खोकल्याचं औषध न्यायला यायचे. बाकी काही नाही म्हणायचे. मी विचारलं, “गेट कोण उघडतं आता?” वाघ म्हणाले, “पयले मीच उघडत होतो. आता दुसऱ्याला सांगतो. जड हाय थोडं.” लोखंडी गेट पहिल्यापासून तेवढंच जड होतं. डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी लगेच छातीची ईसीजी पट्टी काढली आणि वाघांना त्याच दिवशी औरंगाबादला धाडलं. ॲम्ब्युलन्समध्ये चढतानाही वाघ म्हणत होते, “अहो, खोकल्याची बाटली तेवढी द्या ना.”

आता सुमनबद्दल. खरं तर मला तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

सुमन खरात आमच्याकडे परिचर होती. परिचर म्हणजे झाडलोट, रांग लावणं, औषधं आणून देणं. तिचा नवरा फौजेत नाईक होता, नोकरीतच कावीळ होऊन गेला. लढाईत गेला असता तर नोकरीच्या यादीत तिचा नंबर बराच वर लागला असता. तो गेल्यावर तिने नर्सिंगचा सरकारी कोर्स केला होता, पण तो लहान कोर्स, आमच्या पदाला मोठा लागायचा. शिवाय पद एकच होतं आणि त्यावर मी बसलो होतो. तेव्हा परिचराच्या जागेला माजी सैनिकाचा अर्ज आला नव्हता, म्हणून ती तिला मिळाली.

प्रत्यक्षात ती झाडू फार वेळ हातात धरायची नाही, कारण तिला वेळच नसायचा. आमच्याकडे निम्म्या रोगी बायका. कोणाची बायको, कोणाची आई, कोणाची विधवा. खेड्यातली सत्तरीची बाई पुरुषापुढे कमरेला इंजेक्शन घेत नाही, हे दिल्लीत पदं ठरवणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं. त्यामुळे पडद्याच्या अलीकडे मी आणि पलीकडे सुमन, अशी वाटणी आपोआप झाली. इंजेक्शन तेच, ड्रेसिंग तेच, रक्तदाब, साखर, सगळं तेच. सुरुवातीला दोघी-तिघी म्हाताऱ्या तिच्या हातचं पाणी टाळायच्या. वर्षभरात त्याच म्हाताऱ्या ती रजेवर असली की गोळ्या न घेता बसने परत जायला लागल्या.

तिला माझ्या पगाराच्या जेमतेम निम्मे मिळायचे. मला हे माहीत होतं आणि खासगी दवाखान्यातली फरशीही मी विसरलो नव्हतो. मी आमच्या प्रमुखांच्या, मेजरसाहेबांच्या कानावर घातलं. माणूस सरळ. म्हणाले, “पगार पदाचा असतो, कामाचा नसतो. माझ्या हातात काय आहे?” सुमनही दोन-तीनदा त्यांना भेटली. तिला ते म्हणाले, “बघू.”

मग मोठे साहेब पाहणीला आले. हे दिल्लीकडचे, पण पुण्यात बरीच वर्षं काढल्याने मराठी चांगलं बोलायचे. आवारात माजी सैनिकांची रांग लागली, अगदी हुद्द्याप्रमाणे. पहिले आमचे जांबचे सुभेदार ढवळे, छातीवर पदकं लावून. बायका पलीकडे बाकावर. साहेबांनी चार शब्द बोलून विचारलं, “कोई तकलीफ?”

“नहीं साहब!”

साहेब वळले. तेवढ्यात दारातून आवाज आला, “मला आहे, साहेब.”

सुमन हात पुसत उभी होती. साहेबांना हे नवीन होतं. त्यांच्या प्रश्नाला उत्तर येतं हेच त्यांच्या अंगवळणी नव्हतं. ते थांबले. सुमन म्हणाली, “मी अन् हवालदारभाऊ एकच काम करून राह्यलो, साहेब. ते पुरुषांचं करतात, मी बायांचं. मंग त्यांना पूर्ण पगार अन् मला निम्मा का? एवढंच विचारायचं होतं.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “ये सही कह रही हैं?”

“जी साहब. बिलकुल सही.”

साहेब म्हणाले, वर कळवतो. आणि चहा न घेता गेले. मेजरसाहेबांचा चेहरा उतरला होता. सुमनला म्हणाले, “बाई, हे माझ्याकडे बोलायचं होतं.”

“तुमच्याकडंच बोलले होते, साहेब. तुम्ही म्हणाले, बघू.”

त्या साली करार संपला तेव्हा तिच्या जागेला अंबडकडच्या एका नुकत्याच निवृत्त झालेल्या शिपायाचा अर्ज आला. माजी सैनिकाला पहिली पसंती, त्याप्रमाणे त्याला घेतलं. यात कोणी लबाडी केली असं मी म्हणणार नाही. नियम तसा होता, मलाही त्याच नियमाने नोकरी मिळाली होती. मला फार राग आला, पण तो कोणावर काढावा हे कळेना. सुमनने जाताना माझ्या टेबलावर तिची कात्री आणून ठेवली. म्हणाली, “धार बरी आहे, भाऊ. वापरा.” बियाण्याच्या कारखान्यात ती रोजाने बी निवडायला जाऊ लागली, कारण खासगी दवाखाने देत होते त्यापेक्षा तिथला रोज जास्त होता.

नवा शिपाई भला पोरगा. दवाखाना लख्ख ठेवायचा. पडद्यापलीकडे मात्र कोणी बसेना. बायका साखरेच्या गोळ्या घ्यायच्या आणि निघायच्या. सुभेदार ढवळ्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, दर महिन्याला त्यांच्याबरोबर येत. एकदा बघितलं तर बाक रिकामा असून त्या भिंतीला टेकून उभ्या. म्हटलं, “काकू, बसा की.”

“बसून बसून कंटाळा आला रे बाबा.”

सुभेदारांनी मला सांगितलं की एसटीतही ती जांबपासून उभीच आली. जागा असून. मला पुढचं विचारायची गरज नव्हती. काकूंना साखर होती. अशा बाईला बसता येत नाही म्हणजे काय असू शकतं, ते कळायला मोठं शिक्षण लागत नाही. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. त्या म्हणाल्या, “आगं माय! बाप्यापुढं?” बाहेरच्या बाई डॉक्टरकडे जा म्हटलं तर अनोळखी बाई नको. “सुमन असती तर दावलं असतं.” सुमनलाही दाखवायला त्यांनी पहिल्यांदा सहा महिने घेतले होते.

सुभेदार हादरले. घरी त्यांनी खोदून विचारलं तर एवढंच कळलं की गळू आहे. कुठे, केवढं, काही नाही. ते मला म्हणाले, “हवालदार, साहेब पुन्ना येनार हायेत ना? या खेपेला आपन बोलायचं.”

साहेबांच्या पाहणीच्या दिवशी सुभेदारांनी सगळ्यांना लवकर बोलावलं. लिंबाखाली रांग लावली आणि चक्क तालीम घेतली. “साहेब इचारतील, कोई तकलीफ. आपन म्हनायचं, है साहब. मंग मी पुढं होऊन सांगनार की बायांसाठी बाई पाह्यजे, ती सुमनच पाह्यजे, अन् बराबर पगारावर पाह्यजे. समद्यांना समजलं?”

“समजलं!”

“म्हना. कोई तकलीफ?”

“है साहब!”

“आवाज न्हाई आला.”

“है साहब!” लिंबावरची पाखरं उडाली. औरंगाबादहून बरे होऊन आलेले नाईक वाघ तर दोनदा ओरडले. मला वाटलं, झालं काम.

साहेब आले. रांग ताठ झाली. साहेबांनी चार शब्द बोलून विचारलं, “कोई तकलीफ?”

“नहीं साहब!”

सगळी रांग. एका सुरात. आणि सर्वांत मोठा आवाज सुभेदार ढवळ्यांचा. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांचे डोळे विस्फारले, तोंड उघडंच राहिलं, पण शरीर सावधानमध्येच. वाघांनी हळूच बाजूच्याकडे पाहिलं, बाजूच्याने खाली बुटांकडे. बंदुकीचा चाप ओढल्यावर गोळी परत बोलावता येत नाही, तशी सगळ्यांची गत झाली होती. एरवी मी हसून लोळलो असतो. त्या दिवशी हसू आलं नाही, कारण साहेब वळून गाडीकडे चालू लागले होते.

“ह्यांचं जाऊ द्या, साहेब. मला हाय.”

काकू भिंतीपाशी उभ्या होत्या. पदर डोक्यावर घट्ट ओढलेला. साहेब थांबले. काकू थांबल्या नाहीत. “मला गळू झालंय. जागा अशी हाय की या समद्यात कोनाला दावता येत न्हाई. बसता येत न्हाई, निजता येत न्हाई. इथं एक पोरगी होती, ती बघायची. तिनं तोंड उघडलं अन् ती गेली. आता ती बी निवडायला जाती. तिला आना. अन् या हवालदाराला देता तेवढा पगार तिला द्या. तेच काम तर करती.”

चाळीस पुरुष ऐकत होते. ज्या बाईने नवऱ्याला जागा सांगितली नाही, तिला हे भर आवारात बोलावं लागलं. सुभेदार समोर बघत उभे होते आणि त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं. सावधानमध्ये ते पुसता येत नाही.

साहेबांनी टोपी काढली. व्हरांड्यातली खुर्ची स्वतः उचलून काकूंसमोर ठेवली आणि तिच्यावर बसले. म्हणाले, “मावशी, पहिल्यापासून सांगा.” मेजरसाहेबांना काय करावं सुचेना, ते खुर्चीमागे उभे राहिले. काकू उभ्यानेच सांगत होत्या, साहेब बसून ऐकत होते. असं दृश्य मी सबंध नोकरीत पाहिलं नव्हतं.

मेजरसाहेबांनी त्याच दुपारी बियाण्याच्या कारखान्यात गाडी पाठवून सुमनला बोलावलं. हे त्यांनी कोणत्या नियमात बसवलं ते मी विचारलं नाही. तिने पडद्यामागे पाहिलं आणि बाहेर येऊन मला एवढंच म्हणाली, “भाऊ, लई उशीर झाला.” काकूंना औरंगाबादला नेलं. ऑपरेशन झालं, मांडीवरचं बरंच मांस काढावं लागलं. जीव वाचला, पण पाय ओढतात तो ओढतातच.

काही महिन्यांनी बायकांसाठी नर्सिंग असिस्टंटचं वेगळं पद मंजूर होऊन आलं, आणि त्याला सुमनचा कोर्स चालेल असंही त्यात होतं. मुलाखतीला ती आली, निवडली गेली. पगार माझ्याइतकाच. दारावर तिचं नाव लागलं तेव्हा तीही जाता-येता वाचत होती, मी पाहिलं. पहिला पगार झाल्यावर पेढे वाटले तिने. मग मला बाजूला घेऊन म्हणाली, “भाऊ, आधी इतकी वर्षं हेच काम केलं ना मी? त्याचं काय?” मी दुसरा पेढा घेतला.

माझा करार संपायच्या आधी साहेब आणखी एकदा आले. लिंबाखाली रांग होतीच. त्यांनी लांबूनच विचारलं, “कोई तकलीफ?” आणि रांगेने ठरलेलं उत्तर दिलं. मग साहेबांनी खुर्ची मागवली, बायकांच्या बाकासमोर टाकली आणि बसले. बायकांनी त्यांना सोडलं नाही. डॉक्टरांचं अक्षर, एसटीचे हाल, गुडघे, सुना, सगळं निघालं. साहेब ऐकत होते, सुमन मधून मधून समजावून सांगत होती. काकूही बसल्या होत्या, एका कुशीवर.

मी रांगेच्या टोकाला सुभेदारांच्या बाजूला उभा होतो. पुष्कळ वेळ झाला होता आणि ते एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होते. तो उजवा गुडघा त्यांना छळतो हे मला ठाऊक होतं. ते जिना कसा चढतात ते मी बघत आलो होतो. ते बाकाकडे पाहत होते. ओठ न हलवता, रांगेत बोलतात तसं, हळूच म्हणाले, “हवालदार, आपल्याला असं बसून कधी कोनी इचारलंच न्हाई, न्हाई का?”

रांग अजून मोडली नव्हती.